नाव-गाव कळल्यानंतर : पाळीव घोरपडींचा एक इतिहास

१

अनोळखी माणूस भेटला की आपण आधी त्याचे नाव-गाव विचारतो. माणसांच्या व्यवहारात ही ओळखीची सुरुवात असते. पुढे त्याचे जगणे, त्याची सुखदुःखे हळूहळू कळत जातात. प्राण्यांच्या बाबतीत मात्र ही ओळख पुष्कळदा पहिल्याच पायरीवर थांबते. नाव ठरते, गाव नकाशावर नोंदवले जाते आणि तेवढ्या माहितीवर तो प्राणी तिथून उचलून आणता येतो. तो जगतो कसा, खातो काय, कोणत्या उन्हात आणि कोणत्या मातीत त्याची अंडी उबतात, हे कळण्याआधीच तो कुणाच्या तरी घरी काचेच्या पेटीत पोचलेला असतो.

घोरपडीच्या कुळातील लहान जाती पाळण्याचा आणि विकत घेण्याचा जो छंद युरोप, अमेरिका आणि जपान येथे गेल्या काही दशकांत वाढला, त्याच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहावे असा या लेखाचा हेतू आहे. विषय वरवर साहित्याबाहेरचा वाटेल. पण वर्णन करणे म्हणजे काय, नाव देणे म्हणजे काय आणि त्या कृतीचे परिणाम कुणी भोगायचे, हे प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला परके नाहीत. वर्णन ही निरुपद्रवी क्रिया आहे अशी आपली एक जुनी समजूत आहे. हा इतिहास त्या समजुतीला धक्का देतो.

२

या कुळाच्या नावापासूनच सुरुवात करू. जर्मन अभ्यासक ब्लासियुस मेरेम याने १८२० मध्ये या सरड्यांसाठी 'व्हॅरानस' हे प्रजातीनाम रूढ केले. त्याच्या मुळाशी 'वरल' किंवा 'वरन' हा अरबी शब्द आहे आणि त्याचा अर्थ फक्त हा प्राणी एवढाच. जर्मनमध्ये त्याचे 'वारान' झाले. 'इशारा देणे' या अर्थाचे जर्मन क्रियापद ध्वनीने त्याच्या जवळचे असल्यामुळे 'इशारा देणारा' असा एक अर्थ या नावाला चिकटला आणि इंग्रजीत तोच 'मॉनिटर' या लॅटिन वळणाच्या शब्दाने पक्का झाला. मगर जवळ आली की हा सरडा सावध करतो, अशी कथाही मग जोडली गेली. शब्द आधी चुकला आणि त्या चुकीला साजेशी गोष्ट नंतर रचली गेली. भाषेच्या इतिहासात असे अनेकदा घडते.

आपल्याकडचा इतिहास वेगळा आहे. संस्कृतातील 'गोधा' हा शब्द प्राण्यासाठी आहे, तसाच धनुर्धराच्या हातावरील चामड्याच्या संरक्षक पट्ट्यासाठीही आहे. प्राणी आणि त्याचे कातडे यांत भाषेने फरकच ठेवला नाही. मनुस्मृतीत पाच नखांच्या भक्ष्य प्राण्यांमध्ये गोधेचा समावेश आहे. कातडे, मांस, तेल, औषध आणि वाद्य ही आपल्या संबंधाची क्षेत्रे. दक्षिणेतील कंजिरा आणि गोव्याचे घुमट या वाद्यांवर परंपरेने घोरपडीचेच कातडे ताणले जाई. थोडक्यात, आपण घोरपड वापरली. हौसेने जवळ बाळगावी अशी वस्तू ती आपल्याला कधी वाटली नाही.

याला अपवाद म्हणावा असा एकच प्रसिद्ध प्रसंग मराठीत आहे आणि तो इतिहासापेक्षा शाहिराच्या प्रतिभेचा आहे. तानाजी मालुसरे यांनी फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा घेतला. १६९७ च्या सुमाराची सभासदाची बखर मावळ्यांच्या कडा चढण्याचे वर्णन करते, पण तिथे घोरपड नाही. ती येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. कुठे यशवंत, कुठे यशवंती अशा नावाची ही घोरपड साजशृंगारासह अवतरते. ती अर्ध्या कड्यावरून मागे फिरते. हा अपशकुन आहे, असे सोबत्यांना वाटते. तानाजी तिला कापून खाण्याची धमकी देतो, तेव्हा ती पुन्हा चढते आणि नखे रोवते. एच. ए. अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोवाड्यांचा संग्रह छापल्यावर ही कथा छापील रूपात दूरवर पोचली. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपराही आपल्या आडनावाचा उगम अशाच एका किल्ल्याच्या चढाईत सांगते.

या कथेत घोरपडीला नाव आहे, दागिने आहेत आणि इशारा देण्याची शक्तीही आहे. अरबी नावाच्या गैरसमजातून युरोपने जो गुण तिला चिकटवला, तो आपल्या शाहिराने स्वतंत्रपणे दिला. पण इशारा ऐकला गेला नाही. उलट धमकी मिळाली. शाहिराला आणखी एक गोष्ट ठाऊक होती असे वाटते. लाड आणि सुरी एकाच हातात असू शकतात. पाळीव प्राण्यांच्या इतिहासाचे यापेक्षा नेमके सार सांगणे अवघड आहे.

३

हौसेने सरडे पाळण्याचा आधुनिक इतिहास काचेपासून सुरू होतो. लंडनचा डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड याला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसले, की बंद काचपेटीतील दमट हवेत नेचे आणि इतर वनस्पती शहराच्या धुरापासून सुरक्षित राहून वाढतात. १८४२ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले. या पेटीने वनस्पती समुद्रापार नेता येऊ लागल्या आणि वसाहतींच्या शेतीचा नकाशा बदलला. त्याच पेटीतून पुढे घरगुती मत्स्यपेटी आणि टेरॅरियम यांची कल्पना फुलली. जर्मनीत योहान फॉन फिशर याने १८८४ मध्ये टेरॅरियमवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. मध्यमवर्गीय घराच्या बैठकीत उष्ण कटिबंधाचा एक तुकडा ठेवता येतो, ही कल्पना त्यातून प्रतिष्ठित झाली.

या परंपरेत अभ्यासक आणि हौशी माणूस यांच्यातील सीमारेषा पुसट होती. फ्रँकफुर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयातील रॉबर्ट मेर्टेन्स याने १९४२ मध्ये घोरपड कुळावर जो मोठा ग्रंथ लिहिला, तो पुढील पिढ्यांचा आधार ठरला. मेर्टेन्स स्वतः आयुष्यभर सरपटणारे प्राणी पाळत असे आणि १९७५ मध्ये अशाच एका बाळगलेल्या आफ्रिकी सापाच्या दंशाने तो वारला. ज्ञान आणि छंद त्याच्यात एकत्र नांदत होते.

पण या दोन्हींपेक्षा वेगळी अशी तिसरी वृत्तीही त्या काळात दिसते. जोन प्रॉक्टर ही लहानपणापासून सरडे पाळणारी मुलगी १९२३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची प्रमुख झाली. तिच्या आराखड्याप्रमाणे १९२७ मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीत तापमानाची विभागणी केलेली होती आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच वापरलेली होती. सरड्यांना नुसती ऊब पुरत नाही, हाडे घडण्यासाठी विशिष्ट प्रकाशही लागतो, हे तिने ओळखले होते. त्याच वर्षी तिथे आलेले कोमोडो बेटांचे अजस्र सरडे माणसाळले आणि तिच्या हातून खाऊ लागले. लोकांना राक्षस वाटणाऱ्या त्या प्राण्यांकडे ती स्वभाव असलेले जीव म्हणून पाहत होती. प्रकृतीने सदैव त्रस्त असलेली ही अभ्यासक १९३१ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी वारली.

प्रॉक्टरचे उदाहरण इथे घेण्याचे कारण असे, की तिला प्राण्याच्या नावापेक्षा त्याच्या जगण्यात अधिक रस होता. ही दुसऱ्या प्रकारची ओळख आहे. नाव-गावाची ओळख प्राणी आणून देते. जगण्याची ओळख त्याला जगवते. पुढच्या काळात बाजाराने पहिली ओळख भराभर आत्मसात केली आणि दुसरीसाठी वाट पाहायला लावली.

४

इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला, न्यू गिनीच्या पश्चिमेस राजा अम्पात नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील बातांता हे बेट काहीशे चौरस किलोमीटर एवढेच. तेथील झाडांवर काळ्या अंगावर निळे ठिपके मिरवणारी एक सडपातळ घोरपड राहते. शेपटीसह तिची लांबी जेमतेम एक मीटर आणि त्यातही निम्म्याहून अधिक शेपटीच. वोल्फगांग ब्योमे आणि हान्स याकोब्स या दोघा जर्मन अभ्यासकांनी २००१ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि 'व्हॅरानस मॅक्रेई' असे नाव दिले. हे नाव बालीमधील एका सरीसृप उद्यानाशी संबंधित गृहस्थाच्या सन्मानार्थ आहे. हा तपशील क्षुल्लक नाही. ही घोरपड अभ्यासकांच्या टेबलावर आली ती मोहिमेतून नव्हे, तर प्राणी-व्यापाराच्या वाटेने. याकोब्सने २००३ मध्ये शेजारच्या वाइगेओ बेटावरील आणखी एका जातीचे वर्णन केले आणि २००५ मध्ये मिसूल बेटावरील पिवळसर जातीचे वर्णन आले. एका द्वीपसमूहातील एकेका बेटाची रंगीत घोरपड चार-पाच वर्षांत नाव लावून मोकळी झाली.

शास्त्राच्या दृष्टीने हे निखळ योगदान होते. बाजाराच्या दृष्टीने ते किमतीचे पत्रक होते. 'हिरव्या घोरपडीसारखी एक निळी' असे म्हणणे वेगळे आणि 'फक्त बातांतावर आढळणारी, नुकतीच नाव मिळालेली जात' असे म्हणणे वेगळे. दुर्मीळतेला नाव मिळाले की दुर्मीळता विकता येते. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत ही जात संकटग्रस्त मानली जाते. अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये तिला २४० दिवसांपुरते तातडीचे संरक्षण दिले. तिच्यासाठी सर्वांत मोठा धोका कोणता, तर पाळीव प्राणी म्हणून असलेली मागणी.

वर्णनाचा हा परिणाम अभ्यासकांच्या ध्यानात येत नव्हता असे नाही. २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ब्रायन स्टुअर्ट, अँडर्स ऱ्होडिन, ली ग्रिस्मर आणि ट्रॉय हॅन्सेल यांचे एक छोटे टिपण आले. शास्त्रीय वर्णनच एखाद्या जातीला संकटात लोटू शकते, असा त्याचा आशय होता. यातील विशेष असा, की हे बोलणारे तटस्थ टीकाकार नव्हते. ऱ्होडिनने १९९४ मध्ये रोटी बेटावरील लांब मानेच्या कासवाचे वर्णन केले होते. ग्रिस्मर १९९९ मध्ये चीनमधील एका गुहावासी पालीचे वर्णन करणाऱ्यांपैकी होता. स्टुअर्टने २००२ मध्ये लाओसमधील एका सॅलमँडरचे. तिन्ही जाती नाव मिळताच प्राणी-व्यापाराच्या तडाख्यात सापडल्या. आपण लिहिलेले वाक्य आपल्या विषयाचे काय करते, हे या लेखकांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे २०१७ मध्ये डेव्हिड लिंडेनमायर आणि बेन शील यांनी त्याच नियतकालिकात आणखी पुढचे पाऊल टाकले. धोक्यातील जातींची नेमकी ठिकाणे छापूच नयेत, असा त्यांचा आग्रह होता.

याचे सर्वांत टोकदार उदाहरण बोर्निओचे आहे. फ्रान्झ श्टाइनडाख्नर याने १८७८ मध्ये व्हिएन्नात बसून सारवाकहून आलेल्या एका नमुन्यावरून 'लँथॅनोटस बोर्नेएन्सिस' या सरड्याचे वर्णन केले. नावाचा अर्थ 'लपलेल्या कानांचा'. तो काटेकोरपणे घोरपड नव्हे, पण घोरपडींचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक आहे. लांबी सुमारे ४० सेंटिमीटर, कानाचे बाह्य छिद्र नाही, डोळे बारके. पुढची अनेक दशके तो संग्रहालयांतील मोजक्या नमुन्यांपुरता राहिला. १९६१ च्या सुमारास सारवाकमध्ये तो पुन्हा सापडला, तेव्हा तेथील संग्रहालयामार्फत तो जगभरच्या संस्थांमध्ये पोचला. अभ्यासकांनी त्याला ठेवले, पाहिले, आणि त्यांना कळले ते एवढेच, की तो दिवसभर निश्चल पडून राहतो. बंदिवासात त्याची पुढची पिढी मात्र तयार झाली नाही. नाव ८० वर्षे जुने होते. जगणे अजून कोरेच होते.

मलेशिया, ब्रुनेई आणि इंडोनेशिया या तिन्ही देशांनी १९७१ ते १९८० या काळात त्याला कायद्याचे संरक्षण दिले. २०१२ मध्ये पश्चिम कालिमंतानमधून त्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि दोन वर्षांत तो युरोपातील हौशी लोकांच्या हाती दिसू लागला. वन्यजीव-व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेने २०१४ मध्ये यावर अहवाल काढला. एका जोडीला हजारो युरो मोजले जात होते. नोंद आणि बाजार यांचा कार्यकारणसंबंध न्यायालयात सिद्ध होईल असा नसेल, पण कालक्रम बोलका आहे. मूळ देशांत पकडणे गुन्हा असूनही युरोपात असा प्राणी बाळगणे गुन्हा नव्हता. अमेरिकेतील लेसी कायदा, मूळचा १९०० चा आणि पुढील दुरुस्त्यांसह, परदेशी कायदा मोडून आणलेल्या प्राण्यांनाही लागू होतो. युरोपीय संघात त्याच्या तोडीचा कायदा नव्हता. अखेर २०१६ मध्ये जोहान्सबर्ग येथील साइटिस परिषदेत त्याचा दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला आणि रानातून पकडलेल्यांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा शून्य ठरला.

५

आता दुसऱ्या प्रकारच्या ओळखीकडे येऊ. पश्चिम आफ्रिकेतील सव्हाना घोरपडीची पिल्ले घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून दीर्घकाळ मोठ्या संख्येने निर्यात होत आली आहेत. पिल्लू तळहातावर मावते आणि स्वस्त मिळते. 'सरडा पाळायला सोपा' अशी त्याची जाहिरात झाली. इंग्रज अभ्यासक डॅनिएल बेनेट याने घानाच्या शेतांत या प्राण्यांचा प्रत्यक्ष मागोवा घेतला, तेव्हा दिसले की त्यांचे नैसर्गिक अन्न मुख्यतः कीटक, पैसा-किडे आणि तत्सम छोटे जीव हे आहे. त्यांना खोल, किंचित दमट माती लागते, कारण आयुष्याचा मोठा भाग ती बिळात काढतात. घरोघरी मात्र त्यांना उघड्या, कोरड्या पेटीत ठेवून उंदीर खाऊ घातले जात होते. परिणामी लठ्ठपणा, निर्जलीकरण आणि अकाली मृत्यू. दुकानात मात्र दर हंगामात नवी पिल्ले येतच राहिली. एक मेले तर दुसरे आणता येत असे, त्यामुळे पहिले का मेले हा प्रश्न बाजाराला विचारावाच लागला नाही. लाखमोलाची गोष्ट इथे आहे. जिथे रानातून पुरवठा अखंड असतो, तिथे जोपासना शिकण्याचे कारण उरत नाही.

याच्या उलट चित्र उत्तर ऑस्ट्रेलियातील काटेरी शेपटीच्या घोरपडीचे आहे. बुलेंजर याने १८८५ मध्ये वर्णन केलेली ही 'व्हॅरानस अ‍ॅकँथ्युरस' सुमारे दोन फुटांची. तापलेल्या खडकांच्या फटीत ती शिरते आणि काटेरी शेपटीने दार बंद करते. १९८२ चा निर्यातविषयक कायदा आणि पुढे १९९९ चा पर्यावरण कायदा यांद्वारे ऑस्ट्रेलियाने आपल्या प्राण्यांची व्यापारी निर्यात जवळजवळ बंद केली. मधल्या काळात काही जनावरे बाहेर पोचली होती. त्यांत चोरट्या वाटेने गेलेलीही होती. पण नंतर नवा पुरवठा भरवशाचा राहिला नाही. जे होते त्यांनाच जगवणे आणि त्यांचीच पुढची पिढी वाढवणे भाग पडले. जर्मनीत बेर्न्ड आयडेनम्युलर आणि इतर हौशी अभ्यासकांनी, अमेरिकेतही काही जणांनी, हळूहळू ही विद्या कमावली. ऊन शेकण्याच्या दगडाचा पृष्ठभाग ५० अंश सेल्सियसहून अधिक तापलेला हवा, पण पेटीच्या दुसऱ्या टोकाला सावली हवी, अंडी घालण्यासाठी खोल माती हवी, फटी हव्यात. आज युरोप-अमेरिकेत या जातीची जी पिल्ले विकली जातात ती बहुतांशी तिथेच जन्मलेली असतात.

याचा अर्थ बंदी हा रामबाण उपाय असा नाही. ही जात मुळात लहान आणि काटक आहे, हेही तिच्या बाजूने होते. आणि बोर्निओच्या बिनकानी सरड्याच्या बाबतीत नुसती बंदी तीन-चार दशके कागदावर राहिली हे आपण पाहिलेच. तरी एक गोष्ट या दोन उदाहरणांच्या तुलनेतून दिसते. प्राण्याच्या जगण्याचे ज्ञान आपोआप वाढत नाही. तो सहज मिळेनासा झाला, की ते वाढवावे लागते. बिनकानी सरड्याचीही पिल्ले २०१७ मध्ये व्हिएन्नाच्या शोनब्रुन प्राणिसंग्रहालयात जन्मली. ज्या शहरात १८७८ मध्ये त्याचे नाव ठरले, तिथे त्याच्या जननाची रीत समजायला जवळजवळ १४० वर्षे लागली.

६

इथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. बंदिवासात जन्मलेली पिल्ले विकत घेणे हे रानातील प्राण्यांना अभय देणे नव्हे काय? तत्त्वतः होय. पण 'बंदिवासात जन्मलेला' हेही शेवटी एक वर्णनच आहे, आणि वर्णन खोटे असू शकते. जेसिका लायन्स आणि डॅनिएल नाटुश यांनी २०११ मध्ये इंडोनेशियातून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रजनन-केंद्रांतील म्हणून पाठवल्या जाणाऱ्या अजगरांपैकी किमान ८० टक्के प्रत्यक्षात रानातून पकडलेले होते. हे अजगरही न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांचे, म्हणजे निळ्या घोरपडीच्या शेजारचेच. एकदा कागदावर जन्मस्थान बदलले की प्राणी स्वच्छ होतो. म्हणून विकत घेणाऱ्याने 'कोणती जात' एवढेच विचारून चालत नाही. आईबाप कोणते, कुठे ठेवलेले, कितव्या पिढीचे, हे विचारावे लागते. हे प्रश्न प्राण्याच्या नावाचे नाहीत, त्याच्या चरित्राचे आहेत.

दुसरी बाजू सोडून दिलेल्या प्राण्यांची. फ्लोरिडातील केप कोरल भागात १९९० पासून नाइल घोरपडी मोकळ्या दिसू लागल्या. पाळायला आणलेली पिल्ले हाताबाहेर वाढली आणि सुटली किंवा सोडली गेली. ज्या प्राण्याचे जगणे मालकाला माहीत नव्हते, तो प्राणी परक्या भूमीत आपले जगणे आपणच शोधू लागला आणि तेथील पक्ष्यांच्या अंड्यांना धोका ठरला.

भारतात चित्र वेगळ्या कारणाने गुंतागुंतीचे आहे. आपल्याकडील चारही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडणे, मारणे, विकणे, पाळणे हे सर्व गुन्हे आहेत. तरीही मांस आणि तेलासाठी शिकार होते. २०१७ मध्ये तर असे उघडकीस आले, की 'हत्था जोडी' नावाची पवित्र मुळी म्हणून पूजेसाठी विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय होते. पुन्हा वर्णनच : प्राण्याला वनस्पतीचे नाव दिले की कायदा आणि पापभावना दोन्ही चुकवता येतात. परदेशी जातींबाबत कायदा बराच काळ मूक होता. २०२२ च्या दुरुस्तीने साइटिसमधील जाती चौथ्या अनुसूचीत आणल्या आणि २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली. म्हणजे आपल्याकडेही आता नाव-गाव सरकारदरबारी लागणार. त्या नोंदीत जगण्याचा रकाना किती मोठा असेल, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

गोव्याच्या घुमटाचे उदाहरण इथे दिलासा देणारे आहे. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आल्यामुळे हे वाद्य दीर्घकाळ संशयाच्या छायेत होते. कलावंतांनी बकऱ्याचे कातडे स्वीकारले. २०१९ मध्ये घुमट हे गोव्याचे वारसा-वाद्य म्हणून घोषित झाले. नादात थोडा फरक पडला असे जाणकार म्हणत असतील. पण वाद्य टिकले, आरत्या टिकल्या आणि घोरपडीला त्यांची किंमत मोजावी लागली नाही. परंपरा आपला एक हक्क सोडून देऊनही जिवंत राहू शकते, हे त्यातून दिसले.

साहित्याच्या अभ्यासकाला यातून काय घेता येईल? आपण वर्णनाला सौंदर्याच्या कसोटीवर पारखतो, सत्याच्या कसोटीवर पारखतो. परिणामाच्या कसोटीवर क्वचितच. एखाद्या डोहाचे, देवराईचे, घरट्याचे नेमके ठिकाण सांगणारा प्रवासलेख आपण अस्सल म्हणून वाखाणतो. दुर्मीळ प्राण्याविषयी लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांनी मात्र गेल्या दोन दशकांत गाव न सांगण्याचा संयम शिकायला सुरुवात केली आहे. हा संयम अज्ञानातून आलेला नाही. सर्व काही माहीत असताना त्यातला थोडा भाग स्वतःपाशी ठेवण्यातून आला आहे. नाव सांगावे, जगणे सविस्तर सांगावे, गाव मात्र प्रत्येक वेळी सांगायलाच हवे असे नाही. लिहिणाऱ्याच्या नीतीत या तिसऱ्या गोष्टीला आजवर फारशी जागा नव्हती. ती द्यायला हरकत नसावी.